जुन्या गाडीच्या क्लचमधली हवा घरी कशी काढावी

पेडल पहिल्यांदा दाबलं की गिअर खरडतो, आणि तेच दोन-तीनदा भराभर दाबलं की सरळ पडतो. हे लक्षण दिसलं तर क्लचप्लेट बदलायची म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. बहुतेक वेळा पेडलपासून क्लचपर्यंत जाणाऱ्या ऑइलच्या लाइनमध्ये हवा असते. या लाइनमध्ये असतं ते ब्रेक ऑइल दाबून आकसत नाही, हवा आकसते. पेडलची बरीचशी चाल त्या हवेला चेपण्यातच खर्च होते आणि खालच्या सिलिंडरची सळई क्लच सोडवणाऱ्या फोर्कला पुरेसं ढकलत नाही. पंप केल्यावर वरच्या ऑइलच्या डबीतलं जास्तीचं ऑइल लाइनमध्ये उतरतं, म्हणून तेवढ्यापुरतं जमून जातं.

हवा किती असली की काम बिघडतं, याचा हिशेब करून ठेवण्यासारखा आहे. समजा त्या खालच्या, म्हणजे स्लेव्ह सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ७/८ इंच, म्हणजे २२.२ मिमी आहे. त्याच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ३८८ चौरस मिमी भरतं. लाइनमध्ये १ मिली हवा, म्हणजे लहान बोराएवढा एक बुडबुडा राहिला, तर सळईची जवळजवळ २.५ मिमी चाल गेली. सळईची एकूण चालच बहुतेक गाड्यांत १२ ते १५ मिमीच्या आसपास असते. असे दोन बुडबुडे राहिले तर क्लच अर्धवट सुटतो आणि रिव्हर्स टाकताना करकर ऐकू येते.

म्हणून या कामात पायाला काय जाणवतं यावर भरवसा नको. पेडल घट्ट लागलं म्हणजे हवा गेली, असं नसतं. गाडीखाली जाऊन सळई किती सरकते ते मोजा. काम सुरू करायच्या आधी एकदा, संपल्यावर एकदा. दोन्ही आकडे खडूने शेडच्या टिनावर लिहून ठेवा.

आपली गाडी यात बसते का

हे सगळं ज्या गाडीत पेडल आणि फोर्क यांच्यामध्ये ऑइलची लाइन आहे तिच्यासाठी आहे. स्टँडर्ड हेराल्डला हायड्रॉलिक क्लच आहे, ॲम्बॅसडरच्या नंतरच्या मॉडेलांतही तो मिळतो. पेडलपासून खाली नुसती दांडी किंवा वायर जात असेल, तर तिथे काढायला हवाच नाही. खात्री करायला बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, बाजूला बघा. साधारण दोन बोटं जाडीचा लहान सिलिंडर, त्यावर हवा सोडायचा एक पोकळ स्क्रू म्हणजे निपल, मागून आलेला रबरी होज आणि पुढे फोर्कला टेकलेली सळई दिसली, तर तो स्लेव्ह. पेडल ज्याला दाबतं तो मास्टर सिलिंडर काही गाड्यांत बॉनेटखाली फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) असतो, काहींत पायाखालच्या पत्र्याखाली.

आधी गळती शोधा

हवा आपोआप आत जात नाही. सिलिंडरच्या रबरांचं किट बदललं असेल, डबी रिकामी पडली असेल, नाहीतर कुठेतरी गळत असेल. गळती न शोधता हवा काढली तर आठवड्याभरात पुन्हा गाडीखाली झोपावं लागतं.

स्लेव्हचं रबरी बूट बोटाने थोडं मागे सरकवा. आत ओलं असेल तर स्लेव्हचं वायसर, म्हणजे पिस्टनवरचं ऑइल अडवणारं रबर, गेलं. चालकाच्या पायाजवळची मॅट उचला, पेडलच्या सळईवरून ऑइल ओघळलं असेल तर मास्टरचं मागचं वायसर गेलं. बाहेर काहीच ओलं नाही, पण पेडल दाबून धरलं की ते हळूहळू खाली बसत जातं, असं असेल तर मास्टरच्या आतलं वायसर ऑइलला मागे सोडतंय. तिथे हवा काढून काही उपयोग नाही, किट टाकावं लागेल. किट आणायला नागपूर, अमरावतीला जाणार असाल तर जुनं वायसर खिशात न्या आणि सिलिंडरवर उमटवलेला बोअरचा आकडा लिहून न्या. पाऊण इंच आणि ७/८ इंच यांतला फरक नुसत्या डोळ्याला सहज कळत नाही, आणि पुन्हा पन्नास-साठ किलोमीटर जाणं कुणाला परवडत नाही. बोअरमध्ये नखाला लागतील असे खड्डे असतील तर नुसतं किट टाकू नका. नवं वायसर त्या खड्ड्यांवर घासून थोड्याच दिवसांत फाटतं, तिथे सिलिंडरच बदलावा लागतो.

होजही बघा. कोणीतरी पेडल दाबत असताना होज मुठीत धरा. हाताला फुगल्यासारखा लागला तर तो आतून सडला आहे. असा होज हवेसारखीच लक्षणं दाखवतो आणि कितीही ब्लीडिंग केलं, म्हणजे हवा काढली, तरी फरक पडत नाही.

आणखी एक तपासणी, जी आपल्याकडे फार गरजेची आहे. डबीतल्या जुन्या ऑइलचे चार थेंब कागदी कपात पाणी घेऊन त्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. वर तवंग तरंगला तर कोणीतरी डबीत इंजिन ऑइल, डिझेल किंवा रॉकेल घातलंय. खनिज तेलाने ही रबरं फुगतात, पेडल दाबलेलं वर येत नाही. तसं झालं असेल तर दोन्ही सिलिंडरची सगळी रबरं आणि होज बदलल्याशिवाय इलाज नाही. याच कारणाने सिलिंडरचे भाग पेट्रोल-रॉकेलने कधी धुऊ नका. ताजं ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट वापरा.

सामान

डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइलची अर्धा लीटरची सीलबंद बाटली घ्या. नुसती हवा काढायला दीडशे-दोनशे मिली पुरतं, सगळं जुनं ऑइल बदलायचं असेल तर तीनशेपर्यंत लागतं. गेल्या पावसाळ्यात उघडलेली अर्धी बाटली वापरू नका. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, आणि ३.७ टक्के पाणी शिरलं की ती मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. गाडीचा सायलेन्सर पाइप क्लचच्या लाइनजवळून जात असेल, तर ओल शिरलेलं ऑइल दुपारच्या प्रवासात वाफ धरू शकतं. त्याहून मोठं नुकसान गंजाचं: वर्षभर शेडमध्ये उभी राहून फक्त लग्नसराईत निघणाऱ्या गाडीचे सिलिंडर आतून त्या पाण्यानेच गंजतात. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल वेगळं असतं, ते यात मिसळायचं नाही.

पारदर्शक नळी हवी, अर्धा मीटर. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती नळी चालते, आतून पाच-सहा मिमीची आणि निपलवर घट्ट बसणारी बघा. सैल बसली तर तिच्या बुडातूनच हवा शिरते आणि बुडबुडे संपतच नाहीत. फवारणी पंपाची नळी घेऊ नका. कितीही धुतली तरी औषधाचा अंश राहतो, आणि ती पारदर्शकही नसते. ठिबकच्या काळ्या नळीतून बुडबुडा दिसणार नाही.

पाना रिंगचाच घ्या, आणि मापाचा घ्या. जुन्या इंग्रजी धर्तीच्या गाड्यांचे निपल इंचाच्या मापात असतात. ३/८ इंच म्हणजे साडेनऊ मिमी. त्याला १० चा पाना ढिला बसतो आणि पहिल्याच झटक्यात कडा गोल होतात. ७/१६ इंच म्हणजे ११.१ मिमी, त्याला १२ चा लावणं ही तीच चूक आहे. कडा एकदा गेल्या की मग पकड, छिन्नी, आणि शेवटी सिलिंडर बदलणं.

याशिवाय काचेची लहान बाटली, धागे न सुटणाऱ्या सुती चिंध्या, तारेचा ब्रश, पाण्याची बादली, चष्मा, बॅटरी, आणि खाली अंथरायला एखादा बारदाना. हे ऑइल रंग उडवतं. मडगार्डवर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता.

गाडी उचलताना

काळ्या मातीत जॅक लावायचा असेल तर खाली रुंद सागवानी फळी ठेवा. वरून कडक दिसणारी जमीन भार आला की खचते, आणि उन्हाळ्यात भेगांवर जॅक तिरपा होतो. शक्यतो सांदवाडीतल्या मातीपेक्षा अंगणातल्या फरशीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर काम करा. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा. गाडी स्टँडवर किंवा लाकडाच्या जाड ठोकळ्यांवर टेकवा. विटांची चळत अजिबात नको, वीट आधी इशारा न देता फुटते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. इंजिन थंड असतानाच, म्हणजे सकाळी लवकर, हे काम करा.

निपल सोडवणं

बहुतेकांचा वेळ इथेच जातो. पावसाळ्यात चिखल-रस्त्यावर फिरलेल्या गाडीच्या स्लेव्हवर काळ्या मातीचा थर वाळून सिमेंटसारखा बसलेला असतो. आदल्या संध्याकाळी तो ब्रशने पूर्ण काढा. निपलच्या बुडाशी गंजावर सोडवायचं तेल दोन थेंब टाका, रबरी बुटावर जाऊ देऊ नका. टोपी नसलेल्या निपलच्या भोकात माती ठासलेली असते, कधी कुंभारीण माशीनेही बंद केलेलं असतं. बारीक तार घालून वरची माती काढा. सकाळी पाना लावून आधी जरासा आवळल्यासारखा, मग उलटा, असा हलका झटका द्या. हलला की पुन्हा बंद करा. हलत नसेल तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. निपल आतून पोकळ असतो, मानेतून तुटतो. पुन्हा तेल टाका, तासाभराने बघा. सुटल्यावर तो पूर्ण बाहेर काढून आतलं आडवं भोक तारेने मोकळं झालं का ते पाहा. ते बंद असेल तर निपल उघडूनही काही येणार नाही. बाहेर काढलेल्या वेळात थोडं ऑइल सांडेल, डबीवर लक्ष असू द्या.

आता बघायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: निपल सिलिंडरच्या वरच्या अंगाला आहे का? हवा वरच्या कोपऱ्यात जाऊन बसते. मागे कोणी सिलिंडर काढून उलटा बसवला असेल आणि निपल खाली, होज वर आला असेल, तर शंभर वेळा पेडल मारून ऑइल येईल, हवा येणार नाही. हेराल्डवर ही चूक सहज होते, कारण तिचा स्लेव्ह बेलहाउसिंगवर पट्टीत धरलेला असतो आणि कोणत्याही अंगाने फिरवून बसतो. तिथे निपल वर येईल असा सिलिंडर फिरवून घ्या.

दोघांनी मिळून हवा काढणं

डबी भरा. झाकण नुसतं ठेवून द्या, आवळू नका, म्हणजे कचरा पडणार नाही आणि हवाही कोंडणार नाही. निपलवर आधी रिंग पाना चढवा, मग नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीत, बाटलीत दोन बोटं ताजं ऑइल, आणि टोक त्यात बुडालेलं.

एकजण पेडलवर, एकजण खाली. खालचा सांगेल तेव्हाच वरच्याने पाय हलवायचा, आणि वरच्याने प्रत्येक वेळी उत्तर द्यायचं. "दाब भाऊ." "दाबलं." मग निपल अर्धा फेरा उघडा. ऑइल नळीतून येईल, पेडल खाली जाईल. "टेकलं." पेडल खाली टेकलेलं असतानाच निपल बंद करा. बंद झाल्यावर, आणि झाल्यावरच, "सोड." दोन-तीन सेकंद थांबा, मास्टरला डबीतून ऑइल ओढून घेऊ द्या, मग पुन्हा.

क्रम चुकला, निपल उघडा असताना पाय वर आला, तर निपलच्या आट्यांमधून हवा आत ओढली जाते. तासभर करूनही बुडबुडे येत राहतात, त्याचं कारण बहुधा हेच निघतं. पेडल भराभर हाणूही नका. त्याने एका बुडबुड्याचा फेस होतो, आणि फेस बाहेर काढायला मोठ्या बुडबुड्यापेक्षा कितीतरी जास्त ऑइल लागतं. फेस झालाच तर अर्धा तास थांबा. जुन्या गाडीत आणखी एक काळजी: मास्टरचं वायसर रोज बोअरच्या जेवढ्या भागात चालतं त्याच्या पुढे गंज असू शकतो, म्हणून पेडल दाणकन तळाला मारू नका.

दर पाच दाबांनी डबी बघा. एक तृतीयांशाच्या खाली गेली की भरा. डबी रिकामी झाली आणि मास्टरने हवा ओढली, तर आधीचं सगळं काम पुन्हा पहिल्यापासून.

सुरुवातीला काळपट ऑइल येईल, मग बुडबुडे, मग चहासारखं, मग स्वच्छ. लागोपाठ पाच-सहा दाबांत एकही बुडबुडा दिसला नाही की थांबा. पेडल दाबून धरलेलं असताना निपल शेवटचा आवळा. लहान पान्याने मनगटाच्या जोरावर पुरे, निपलचं टोक निमुळतं असतं आणि तेच भोक बंद करतं. आट्यांना टेप लावून गळती थांबवायचा प्रयत्न करू नका. निपलवर रबरी टोपी घाला.

तरीही हवा राहिली तर

स्लेव्हचे बोल्ट काढा, होज लागलेलाच ठेवा. सिलिंडर हातात घेऊन निपल सगळ्यात वर येईल असा तिरपा करा. सळई अंगठ्याने सावकाश पूर्ण आत दाबा. आतलं ऑइल आणि त्याबरोबर हवा होजमधून वर डबीकडे जाते, डबीत बुडबुडे फुटताना दिसतात. डबी आधी थोडी रिकामी करून ठेवा, नाहीतर ऑइल उतू जाऊन रंगावर जाईल. सिलिंडर मोकळा असताना कोणी पेडलला पाय लावला तर पिस्टन उडून बाहेर येतो, म्हणून सळई आत दाबून बाइंडिंगच्या तारेने बांधून ठेवा. तार बांधलेली असताना तिरप्या अवस्थेतच ब्लीडिंग केलं तर अडलेली हवा बहुधा निघते.

मदतीला कोणी नसेल तर खालून वर ऑइल ढकलता येतं. मेडिकलमधून ५० मिलीची नवी सिरिंज आणा, ताजं ऑइल भरा, नळीतली हवा आधी काढून नळी निपलवर बसवा, निपल अर्धा फेरा उघडा आणि अगदी सावकाश दाबा. हवेला तसंही वरच जायचं असतं, म्हणून पूर्ण रिकाम्या लाइनसाठी ही रीत सगळ्यात चांगली. पण जुन्या ऑइलमधला काळा गाळ याने मास्टरमध्ये चढतो. आधी डबीतलं जुनं ऑइल ओढून काढून ती पुसून घ्या. मोबिल भरायचा कुपा यासाठी धुऊन वापरू नका.

हवा नाही, तरी क्लच सुटत नाही

आता सळई मोजा. कोणीतरी पेडल पूर्ण दाबायचं, आपण खाली पट्टी धरायची. आधी ७ मिमी होती आणि आता १३ झाली, तर काम झालं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच खरा.

चाल अजून कमी असेल तर पेडलकडे या. पेडलखाली जाड मॅट किंवा दुमडलेलं कार्पेट असेल तर ते काढा, तळाची चाल तिथेच अडते. पेडल आणि मास्टरची सळई जोडणारी पिन काढून बघा. भोक अंडाकृती झालं असेल आणि तिथे १ मिमी झीज असेल, तर पेडलच्या टोकाशी चार-पाच मिमी वाया जातात. मात्र सगळी मोकळीक काढून टाकू नका. पेडलच्या टोकाला चार-पाच मिमी मोकळं खेळायला हवं. नाहीतर मास्टरचं वायसर डबीकडचं बारीक भोक झाकून बसतं, ऑइल परत येत नाही आणि क्लच घसरायला लागतो.

आणि सळई पूर्ण चालतेय, फोर्क हलतोय, तरी गिअर पडत नाही, तर बिघाड ऑइलमध्ये नाही. आखाडापासून दिवाळीपर्यंत शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीची क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. तिथे कितीही ब्लीडिंग केलं तरी फुकट.

झाल्यावर

गाडी खाली घ्या, इंजिन चालू करून पेडल दाबा, पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज न होता पडायला हवा. मग पेडल मिनिटभर दाबून धरा. खाली सरकत नसेल तर गावाबाहेर दोन-तीन किलोमीटर फिरवून आणा आणि परत आल्यावर स्लेव्हच्या बुटाखाली कोरडा कागद ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी कागद आणि डबीतली पातळी दोन्ही बघा.

निघालेलं ऑइल पुन्हा डबीत ओतू नका, त्यात कितीही स्वच्छ दिसलं तरी हवा आणि ओल असते. ते विषारी आहे आणि त्याची चव गोडसर असते. गोठ्याजवळ, ढेपीच्या टोपल्याशेजारी किंवा थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नका. शेतात, नाल्यात ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून वर मोठ्या अक्षरांत लिहा आणि तालुक्याच्या गॅरेजमध्ये जुनं ऑइल गोळा करतात तिथे द्या, मात्र इंजिन ऑइलमध्ये न मिसळता वेगळं.

उरलेल्या बाटलीचं बूच घट्ट लावून तिच्यावर आजची तारीख टाका. मृग लागायच्या आत ती संपली नाही तर पुढच्या वेळी नवीच आणा.